दाण्यातले विष, कागदावरची रेघ

१९७४ च्या पावसाळ्याच्या शेवटी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत मका हाताशी आला होता आणि नेमका तेव्हाच अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली, नीट वाळली नाहीत आणि तशीच घरात साठवली गेली. या भागातल्या आदिवासी कुटुंबांचे मका हेच मुख्य अन्न. काळवंडलेला मका टाकून द्यावा आणि दुसरे काही शिजवावे, अशी ऐपत फारशी कुणाचीच नव्हती. काही आठवड्यांत गावोगाव कावीळ दिसू लागली. लोकांच्या पोटात पाणी होऊ लागले, पाय सुजू लागले. दीडशेहून अधिक गावांत मिळून ३९७ जण आजारी पडल्याची नोंद झाली, त्यांतले १०६ दगावले. घरातले उरलेसुरले खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. तपास करणाऱ्यांना हा मोठा धागा होता, कारण माणसांमधली साथीची कावीळ कुत्र्यांना होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बाधित घरांतला मका तपासला, तेव्हा त्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आज भारतात धान्यासाठी ठरलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या घरांतला मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता.

हे विष तयार करते अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी. तिच्याच नावाची आद्याक्षरे जोडून विषाचे नाव ठरले. त्याचा शोध लागला इंग्लंडमध्ये. १९६० साली तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना, म्हणून त्याला नुसते ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. त्या पेंडीतून वेगळी काढलेली द्रव्ये अतिनील दिव्याखाली धरली की काही निळी चमकत, काही हिरवी. त्यावरून त्यांना बी आणि जी अशी नावे पडली. त्यांतले बी-१ सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. ज्याला हिपॅटायटिस बी झालेला आहे, त्याच्या यकृतासाठी तर हे विष कैक पटींनी धोक्याचे.

पंचमहालसारखी साथ क्वचित येते. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात अशीच आली, तीही ओलसर साठवलेल्या मक्यामुळेच, आणि ३१७ रुग्णांपैकी १२५ जण गेले. पण खरा धोका आहे तो थोड्या थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या विषाचा. त्याला वास नाही, रंग नाही. उकळून ते जात नाही, भाजल्याने थोडे कमी होते इतकेच. बुरशी झटकून टाकली तरी विष दाण्यात उरते. खवट दाणा जिभेला कळतो आणि माणूस थुंकतो, पण प्रत्येक विषारी दाणा खवट असतोच असे नाही.

आता मात्रेचा अंदाज घेऊ. किलोमागे १५ मायक्रोग्रॅम म्हणजे दहा टन शेंगदाण्यांनी भरलेल्या ट्रकमध्ये दीडशे मिलिग्रॅम. चिमटीत धरलेल्या मिठाहूनही कमी. एवढेसे विष शोधायचे तर प्रयोगशाळा लागते. दाणे दळायचे, मिथेनॉलसारख्या द्रावकात विष उतरवून घ्यायचे, गाळायचे, शुद्ध करायचे आणि मग लाखो रुपयांच्या यंत्रातून ते मोजायचे. निकाल येईपर्यंत काही दिवस जातात. तोवर आडतीवरचा माल विकला गेलेला असतो, दळला गेलेला असतो, खाल्लाही गेलेला असतो. ज्याला हा निकाल सर्वांत आधी हवा, त्या शेतकऱ्याला किंवा गावातल्या बचतगटाला प्रयोगशाळेचे दारही माहीत नसते. कागदी पट्टीचा उपयोग इथे सुरू होतो.

कागदाला तपासणीचे काम देणे ही काही आजची युक्ती नाही. शाळेतला लिटमस सगळ्यांना आठवत असेल. १९५६ साली अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याच्या कामातून ‘क्लिनिस्टिक्स’ ही पट्टी बाजारात आली. ती लघवीत बुडवायची आणि रंग पाहून साखर आहे की नाही ते सांगायचे. कागदावर त्यांनी वाळवली होती ती एन्झाइमे, म्हणजे जिवंत पेशींत काम करणारी प्रथिने. जैविक रेणूने ओळखायचे आणि कागदाने ते डोळ्यांना दाखवायचे, हे जैवसंवेदकाचे मूळ तत्त्व त्या पट्टीत पूर्णपणे होते. पुढे २००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाण्याला अडवणाऱ्या भिंती उमटवून बारीक वाटा तयार केल्या. थेंबभर लघवी कागदाच्या टोकाला लावली की ती आपोआप या वाटांनी पसरते आणि एका फाट्यावर साखर, दुसऱ्या फाट्यावर प्रथिने तपासली जातात. पुढे अशा भिंती मेणाच्या छपाईने करता येऊ लागल्या. पंप नको, वीज नको; कागदाचे तंतूच पाणी ओढून नेतात. जगभरच्या प्रयोगशाळांत कागदी संवेदकांची लाट आली ती यानंतर.

अन्नातल्या विषांसाठी आज प्रत्यक्षात सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी मात्र करोनाच्या घरगुती चाचणीची जवळची नातलग आहे. दोन-चार मिलिमीटर रुंद पट्टी, मध्यभागी नायट्रोसेल्युलोजचा पांढरा, कागदासारखा पापुद्रा. एका टोकाला सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले. सोने इतके बारीक झाले की पिवळे दिसत नाही, माणकासारखे लाल दिसते. या कणांना अफ्लाटॉक्सिन ओळखणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) चिकटवलेली असतात. ही प्रतिपिंडे मिळवणे हेच मुळात कसबाचे काम. विषाचा रेणू इतका लहान असतो की उंदराच्या किंवा सशाच्या शरीराला तो परका म्हणून जाणवतच नाही. म्हणून तो आधी एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवावा लागतो, ते प्रथिन प्राण्याला टोचावे लागते, आणि मग तयार झालेल्या प्रतिपिंडांतून नेमकी विषाला धरणारी निवडावी लागतात. एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली, त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. या पट्ट्यांचा सगळा उद्योग त्या रीतीवर उभा आहे.

आता पट्टीवर काय घडते ते पाहू. पापुद्र्यावर दोन ठिकाणी अदृश्य रेघा ओढलेल्या असतात. पहिल्या रेघेवर विषाचेच रेणू प्रथिनाला जोडून पक्के बसवलेले असतात. नमुना स्वच्छ असेल तर सोन्याच्या कणांवरची प्रतिपिंडे रिकाम्या हाताने येतात, या रेघेवरच्या विषाला धरतात आणि तिथेच अडकतात. रेघ लाल होते. नमुन्यात विष असेल तर प्रतिपिंडांचे हात वाटेतच भरलेले असतात; ती रेघेपाशी न थांबता पुढे निघून जातात आणि रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. दुसरी रेघ फक्त पट्टी शाबूत असल्याची खूण. म्हणजे इथला हिशेब करोनाच्या किंवा गर्भधारणेच्या चाचणीच्या नेमका उलटा: दोन रेघा दिसल्या तर माल चांगला, एकच दिसली तर धोका. रेघ न दिसणे म्हणजे ‘काही सापडले नाही’ असे समजून कुणी निर्धास्त झाला तर अनर्थ होईल. म्हणून प्रशिक्षणात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतली पाहिजे आणि पट्टीच्या पाकिटावर ठळक चित्राने छापली पाहिजे, मराठी मुलखात मराठीत.

उलट्या हिशेबामागे कारण आहे. करोनाचा विषाणू मोठा असतो, त्याला दोन प्रतिपिंडे दोन बाजूंनी पकडू शकतात. अफ्लाटॉक्सिनच्या रेणूवर एकाच प्रतिपिंडापुरती जागा असते. त्यामुळे पट्टीवर शर्यत लावावी लागते आणि शर्यतीत विष जिंकले की रंग हरतो.

या पट्टीला गावात नेण्याचा एक गंभीर प्रयत्न हैदराबादजवळच्या पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या संस्थेने केला. कोरडवाहू पिकांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था, आणि भुईमूग तिच्या मुख्य पिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिने अफ्लाटॉक्सिनची एक पट्टी आणि तिच्याबरोबर नेता येईल असा विष उतरवण्याचा संच जाहीर केला. एका चाचणीचा खर्च दोन डॉलरहून कमी, वेळ पंधरा मिनिटांच्या आत, आणि किलोमागे १० मायक्रोग्रॅम इतके कमी विषही दाखवण्याची क्षमता. डोळ्यांसमोर होते मलावी, मोझांबिक आणि झांबियातले छोटे भुईमूग उत्पादक. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात बी-१ ची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आणि सर्व अफ्लाटॉक्सिन मिळून ४. भारताची मर्यादा याहून बरीच सैल आहे. युरोपची ही गाळणी पार करणे छोट्या शेतकऱ्याला जड जाते.

पट्टी स्वस्त झाली तरी एक अडचण तशीच राहते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते: नमुना. पोत्यातले सगळे दाणे सारखे विषारी नसतात. हजारात एखादाच बाधित असतो, पण तो भयंकर असू शकतो. एकेका शेंगदाण्यात दहा लाख भाग प्रति अब्ज, म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम इतके विष मोजले गेले आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा तीस किलो निर्मळ दाण्यांत दळला गेला, तरी ते सगळे पीठ भारतीय मर्यादेच्या वर जाते. मग पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले आणि तपासले, तर तो एक दाणा मुठीत येण्याची शक्यता किती? पट्टी खरेच सांगेल, पण त्या मुठीपुरते. म्हणूनच युरोपीय नियमांत मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणांहून थोडे थोडे दाणे काढून वीस किलोंचा नमुना करायला सांगितले आहे आणि तो सगळा दळून मगच तपासायचा असतो. दोन डॉलरच्या पट्टीपुढे वीस किलो दाणे दळणारी गिरणी आणि ते दाणे वाया घालवण्याची तयारी, हाच खर्च मोठा ठरतो. पट्टीचे कौतुक करणाऱ्या बातम्यांत या गिरणीचा उल्लेख सहसा नसतो; तो व्हायला हवा.

मलावीत याहून कठीण एक गोष्ट दिसली. निर्यातीसाठी माल निवडताना सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके दाणे बाजूला काढतात. विष बहुतेक याच दाण्यांत साठलेले असते. पण हा टाकाऊ माल नष्ट होत नाही. तो स्थानिक बाजारात स्वस्तात विकला जातो, त्याचे पीठ होते आणि ते गरिबाच्या ताटात जाते. तपासणी फक्त निर्यातदाराच्या हातात राहिली, तर ती परदेशातल्या गिऱ्हाइकाला वाचवते आणि विष जवळच्याच गावात गोळा करते. पट्टी कुणाच्या हातात आहे आणि नापास मालाचे पुढे काय होते, हे पट्टी किती सूक्ष्म मोजते याइतकेच महत्त्वाचे आहे.

झटपट चाचणीच्या निकालाचे पुढे काय करायचे हे आधी ठरवले नाही तर काय होते, ते गोव्याने जुलै २०१८ मध्ये पाहिले. त्याच सुमारास कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने माशातले फॉर्मलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या. मासळीवर पट्टी घासायची, तिच्यावर रसायनाचा थेंब टाकायचा आणि बदललेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. केरळात ‘सागर राणी’ मोहिमेत परराज्यातून आलेली मासळी तपासली जात होती. मग गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने छापा घातला. जागच्या जागी केलेल्या चाचणीत फॉर्मलिन असल्याचे दिसले आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला, की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांचा विश्वास उडाला. मासळीत फॉर्मलिन घालायला परवानगीच नसेल तर मर्यादा कसली, असा रास्त प्रश्न विचारला गेला. शेवटी राज्याला बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली आणि गोंयकारांच्या ताटातले हुमण महाग झाले. काही माशांच्या शरीरात मेल्यानंतर थोडे फॉर्मल्डिहाइड, म्हणजे फॉर्मलिनमधलेच रसायन, आपोआपच तयार होते, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. पट्टीचे काम संशय दाखवणे हे आहे. त्या संशयावर माल किती तास अडवायचा, दुसरी तपासणी कुणी आणि किती वेळात करायची, अहवाल लोकांना कसा सांगायचा, हे नियम कागदावर असतील तरच कागदाच्या पट्टीला अर्थ येतो.

कीटकनाशकांसाठीच्या पट्ट्या वेगळ्या वाटेने जातात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे किडीच्या मज्जातंतूंतले एक एन्झाइम बंद पाडतात, आणि तेच एन्झाइम माणसाच्या शरीरातही असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जॉन ब्रेनन यांच्या गटाने हे एन्झाइम छपाईयंत्राने कागदावर उमटवले. नमुना निर्मळ असेल तर एन्झाइम आपले काम करते आणि कागद रंगतो; औषधाचा अंश असेल तर ते गप्प राहते आणि रंग येत नाही. पण हा कागद औषधाचे नाव सांगत नाही, फक्त त्या जातीचे काहीतरी आहे एवढेच सांगतो. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेतल्या जेवणाने २३ मुलांचा जीव घेतला, ते मोनोक्रोटोफॉस याच गटातले. तिथे मात्रा इतकी मोठी होती की ‘काहीतरी आहे’ एवढे सांगणारा कागदही पुरेसा ठरला असता.

प्रतिपिंडे आणि एन्झाइमे दोन्ही नाजूक. उन्हात तापलेल्या टपावर किंवा कोकणातल्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिली तर ती निकामी होतात, म्हणून प्रत्येक पट्टी सिलिका जेलच्या पुडीसह बंद पाकिटात येते. त्यांच्या जागी डीएनएचे छोटे तुकडे वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांना अ‍ॅप्टामर म्हणतात. ते प्राण्यांशिवाय बनतात आणि उष्णतेला अधिक तोंड देतात. फिकी रेघ एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, ही अडचण मोबाइलच्या कॅमेऱ्याने सुटू लागली आहे.

महाराष्ट्रात अफ्लाटॉक्सिनच्या पट्ट्यांचा सर्वाधिक उपयोग कुठे होईल, असे विचारले तर उत्तर दुधाकडे जाते. बुरशी आलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड आणि भिजलेल्या मक्याचा भरडा माणसाला नको, म्हणून जनावरापुढे टाकला जातो. गाय ते विष पचवते, पण त्याचा थोडा भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने तपासले, त्यांतल्या ३६८ नमुन्यांत एम-१ किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर होते. भेसळीची जितकी चर्चा होते तितकी भेसळ या तपासणीत सापडली नाही. सापडले ते हे. आणि सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या पिशवीतल्या दुधात ते जास्त होते.

दुधाची सोय अशी की त्यात दाण्यांसारखा नमुन्याचा घोळ नाही. ढवळलेल्या टाकीतला एक थेंब सगळ्या टाकीची साक्ष देतो. दळणे नाही, मिथेनॉल नाही. पट्टी सरळ दुधात. गावच्या संकलन केंद्रात रोज सकाळ-संध्याकाळ फॅट लागते, त्यावर भाव ठरतो, त्यामुळे तपासणीची सवय आधीच आहे. प्रत्येक किटलीला पट्टी लावणे शेतकऱ्याला परवडणार नाही आणि लावायची गरजही नाही. केंद्राच्या थंड टाकीतले दूध आठवड्यातून एकदा तपासले आणि रेघ फिकी पडली, तर गावातल्या वीस-तीस गोठ्यांपर्यंत मागे जाता येते. कुणाच्या गोठ्यात कुठल्या दुकानाची पेंड आली, कुणाचा मका काढणीत भिजला, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ते पोते बंद केले की तीन-चार दिवसांत गाईच्या दुधातले एम-१ बहुतेक उतरते आणि त्यानंतर दुसरी पट्टी बुडवून ते तपासता येते. या पट्ट्यांचा खर्च डेअरीने उचलावा आणि ज्याच्या गोठ्यात खराब पेंड सापडली त्याचा दुधाचा भाव न कापता त्याला चांगली पेंड उधारीवर द्यावी. भाव कापला जाणार हे कळल्यावर बुरशीचे पोते कुणी दाखवणार नाही.